फवारणीच्या वहीतल्या गोळ्या

वॉर्डात मी तोंडाची फटकळ म्हणून ओळखली जायचे. औषध चुकवलेलं मला खपायचं नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं, नाशिकच्या एका रुग्णालयात मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होते, आणि माझी सगळी ऐट एका द्राक्षबागवाल्या मावशींनी उतरवली.

मावशी दिंडोरीकडच्या, साठीच्या आसपासच्या. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेला. बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान हलवून ऐकून घेतलं होतं. मागणं एकच होतं. "आक्टोबरची छाटणी माझ्या हातानं होऊ द्या. सुनेला अजून काडी समजत नाय." वेलीच्या कुठल्या काडीवर फुटीचे किती डोळे राखून कात्री चालवायची, यावर त्या वर्षाचा माल ठरतो. नवरा गेल्यापासून बाग त्याच बघत होत्या. सून हौशी होती, पण एक छाटणी तरी तिला सासूशेजारी उभं राहून करायला हवी होती.

छाटणीला दोन महिने होते. घरी सोडताना मी सगळं समजावलं. दुखो न दुखो, मॉर्फिनची गोळी चार-चार तासांनी. सोबत पोट साफ होण्याचं औषध. मधेच कळ आली तर जादा गोळी. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर तडक इकडे. प्रत्येक वाक्याला त्या "हो शिस्टर" म्हणाल्या. मी खूश.

पंधरा दिवसांनी सुनेने त्यांना जीपमधून उतरवलं तेव्हा चेहरा काळवंडलेला, पाऊल टाकवत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं. पायांना धोका नव्हता, दुखणं अंगावर काढल्यामुळे ही गत झाली होती. पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या.

"गोळ्या का नाही घेतल्या?"

"राखून ठिवल्या. छाटणीला लागतील ना. आत्ताच घेतल्या अन् सवय झाली, तर ऐन टायमाला गुण यायचा नाय."

मी तडकले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण सगळ्या वॉर्डाने ऐकलं. सून रडायला लागली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि मला माझीच लाज वाटली.

त्यांचे रिपोर्ट एका लांब वहीत खोचलेले होते. ते काढताना दिसलं, ती बागेच्या फवारणीची वही होती. तारीख, हवा, औषध, किती मारलं. एक ओळ चुकलेली नाही. मी ती चाळत विचारलं, "मावशी, डावणीचा रोग पानावर दिसला की मग फवारता का?"

त्यांनी वळून माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी अगदीच अडाणी. "दिसल्यावं काय उपेग? बाग गेली मंग. आभाळ आलं का आधीच मारावं लागतं."

"मग गोळीचं काय? गुण कमी पडला तर डोस वाढवता येतो."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. मग त्यांनी सुनेकडे पेन मागितलं.

दुखणं दहापैकी किती, असं मी सगळ्यांना विचारायचे. ते त्यांना काही पटेना. त्यांनी हवेचा रकाना तसाच ठेवला आणि त्यात दुखणं लिहायला लागल्या. स्वच्छ, ढगाळ, पाऊस. ढगाळ वाटलं की जादा गोळी, पावसाची वाट बघायची नाही. दर आठवड्याला सून बूथवरून फोन करून ती हवा वाचून दाखवायची आणि डॉक्टर त्यावरून डोस ठरवायचे. एकदा मावशींनीच फोन घेतला. "रोज आंघोळीला उठलं का ढग येतंय. जादा गोळी अर्धा तास आधी घिऊन बघू का?" डॉक्टर हो म्हणाले. मी मात्र चरफडले, हे मला सुचायला हवं होतं!

छाटणीच्या दिवशी रजा टाकून मी एसटीने गेले. पहिल्या ओळीत मावशी स्टुलावर बसून कात्री चालवत होत्या, सून शेजारी. डोक्यावरच्या तारेला गजराचं घड्याळ बांधलेलं. दहाला ते खणखणलं आणि छाटणीला आलेल्या सगळ्या बाया हसत थांबल्या. मावशींनी गोळी घेतली, वहीत लिहिलं, पुन्हा कात्री धरली. मी सवयीने नाडी बघायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तुमी बसा शिस्टर. आज माझी ड्यूटी हाय." मी मुकाट्याने बांधावर बसले. मला इतका आनंद झाला होता की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

दुसरी ओळ सुनेने छाटली. मावशींनी काडी न् काडी तपासली आणि एकच चूक काढली.

मार्चमध्ये त्या गेल्या, घरी, सुनेच्या हातून पाणी पिऊन. पंधरवड्याने सून द्राक्षांची पेटी आणि ती वही घेऊन वॉर्डात आली. मावशींच्या अक्षरातली शेवटची ओळ त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवसाची होती. 'सकाळी ढगाळ, गोळी घेतली. दुपारी स्वच्छ. मालाची गाडी भरताना बघितली.'

त्या दिवशी मी ती वही वॉर्डभर मिरवली.