तीन पायांचा पोळपाट

संप लांबला आणि आईच्या खानावळीतले मेंबर एकेक करून कोकणात गेले. सगळे गिरणी कामगार. पगारच नाही तर जेवणार कशावर? डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत मोठा पोळपाट भिंतीला टेकून उभा राहिला. मी तेव्हा कलाशाळेत लाकूड कोरून चित्रं छापायला शिकत होते. शेवटच्या परीक्षेला फळी आणायची कुठून? शिक्षण सोडते म्हणाले, तर आईने पोळपाट माझ्यापुढे आदळला. "ह्येच्यार कोर!"

कोरल्या त्या चाळीतल्याच बाया, पदर खोचून मोर्चाला निघालेल्या. पण पोळपाटाला तीन पाय. छपाईच्या यंत्रात तो बसेना. सर म्हणाले, पाय कापून टाक. मी करवत घेऊन घरी आले, तर आई कडाडली, "पाय कापलंस तर तो उभो कसो रवतलो?"

मग आम्ही जमिनीवरच बसलो. मी शाई लावली, कागद अंथरला आणि आईने वाटीच्या बुडाने, अंगाचा सगळा भार देऊन, तो घासला. कागद उचलला तर बाया अशा ठसठशीत उतरल्या होत्या की यंत्राने मान खाली घालावी.

चित्राखाली मी दोघींची नावं लिहिली. सर म्हणाले, "कलाकार एकच असतो. आईचं नाव खोड."

"मग माझं खोडते. तिला पास करा." डोकं माझं पहिल्यापासूनच तापट. शेवटी सरांनी चित्र दोन्ही नावांसकट कलाशाळेच्या प्रदर्शनात लावलं.

पुढे परळला, अँटॉप हिलच्या वसाहतीत बायका-मुलींना छापायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. वर्गात नियम एकच: कोरणारीचं नाव लिहा, दाबणारीचंही. "एवढ्याशा जागेत दोन नावं कशाला, बाई?" असं विचारणारीला मी चांगलीच फैलावर घेते. मला बक्षिसं मिळाली, पण खरा अभिमान आहे तो या नियमाचा.

त्या पहिल्या प्रदर्शनाला आई आली ती गावाहून परतलेल्या एका मेंबरला सोबत घेऊन. तिला वाचता येत नव्हतं. त्याने चित्राखालची नावं वाचून दाखवली. इतकी वर्षं तिला मावशी म्हणत तिच्या हातचं जेवला, पण मावशीला स्वतःचं नाव आहे हे त्यालाही तेव्हाच कळलं.

"परत वाच," आई म्हणाली.

त्याने वाचलं. आईने पदर सारखा केला, आजूबाजूच्या माणसांकडे एकदा पाहिलं.

"मोठ्यान वाच."