घे की गं पुढं

रूथचा फोन आला तेव्हा मी बाजरी पाखडत होते. रूथ म्हणजे माझ्या नणंदेची, एस्तरची मुलगी. "मामी, आई गेली," ती म्हणाली. मी "बरं, येते," म्हटलं आणि सुपातली बाजरी पाखडून संपवली. तशीच टाकून उठले असते तर कोंबड्यांनी खाल्ली असती. नंतर गावात बोललं गेलं की सख्खी नणंद गेली तरी म्हातारी पाखडत बसली. बसले होते. एस्तरचं घर दोन गल्ल्या पलीकडे, आणि ती आता कुठे जाणार नव्हती.

तिला अंघोळ मी घातली. केस अजून दाट होते, पुसायला वेळ लागला. तोंड मिटेना म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधावी लागली. जन्मभर गायलेलं तोंड, ते बांधायला आम्ही दोघी लागलो. रूथ रडत होती. मी गाठ मारली. मला रडू आलं नाही, आणि आजही आलेलं नाही. त्याचं कारण मला माहीत नाही, म्हणून ते इथे शोधत बसत नाही.

मातीला माणसं पुष्कळ आली. शेवगावची, आसपासच्या खेड्यांतली भजनी मंडळं आपापल्या झांजा घेऊन आली. आमची ख्रिस्ती माणसं होतीच, पण बाकीचीही होती. एस्तरची कॅसेट उसाच्या गाडीवर रोज वाजवणारा रशीद टेम्पोवाला कुंपणाशी रुमाल बांधून उभा होता. शवपेटी खड्ड्यात उतरवल्यावर आमच्या मंडळातल्या शांतवननं हार्मोनियमवर सूर धरला आणि सगळ्या मंडळांनी मिळून विहिरीचं गाणं घेतलं. एस्तरच्या मातीला दुसरं कुठलं गाणार? त्या गाण्यात एक जागा आहे. तिथे गाणं थांबतं, आणि ऐकणाऱ्यांतून एक बाई ओरडते, "घे की गं पुढं, पाणी दिसाया लागलंय!" मग गाणारी हसते आणि पुढचं कडवं घेते. ती ओरडणारी बाई मी.

गाणं त्या जागेला आलं आणि थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शांतवन सूर धरून बसला होता. रशीदनं तोंड उघडलं होतं, माझ्याकडे पाहून मिटलं... मी काही बोलले नाही. भात्यातली हवा संपली, सूर बंद पडला. पाळकसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि प्रार्थना सुरू केली. मग माती लोटली. एस्तर गेली आणि तिचं गाणं तिथेच अर्धं राहिलं. तेव्हापासून लोक मला तेच विचारतात. ती जागा गाण्यात आली कशी, ते आधी सांगावं लागेल.

गाणं माझ्या सासऱ्यांनी रचलेलं. ते कीर्तन करायचे. वाटेनं जाणारा एक तहानलेला माणूस पाणी मागतो. बाई विहिरीत पोहरा सोडते, तर दोर पुरत नाही. मग ती घरातलं एकेक आणून दोराला जोडते. गाईचं दावं, ताकाच्या रवीची दोरी, पाळण्याची दोरी, शेवटी स्वतःच्या लुगड्याचा पदर. प्रत्येकाचं एक कडवं. आमच्याकडच्या विहिरी खोल आणि कोरड्या, त्यामुळे गाणं समजायला कुणाला शिकवावं लागत नसे. सासरे गेले आणि गाणं एस्तरकडे आलं. तिचा गळा गोड नव्हता. खडा होता, लांबवर जायचा. रानात खुरपताना ती बोलली तरी चौथ्या वावरात ऐकू यायचं.

माझ्या मालकांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, नगरहून जुना टेपरेकॉर्डर आणला होता. कापणीच्या सणाला आमच्या देवळापुढे, म्हणजे चर्चपुढे, माणसं जमली. लोकांनी देवासाठी आणलेले भोपळे, कणसं, कोंबड्या लिलावाला मांडून ठेवल्या होत्या. मालकांनी टेपरेकॉर्डर निंबाच्या फांदीला टांगला आणि बटण दाबलं. त्याच निंबाच्या बुंध्याला कुणीतरी लिलावाचा कोंबडा बांधून ठेवला होता. ते यांच्या ध्यानात आलं नाही.

एस्तर उभी राहिली आणि गायला लागली. दावं झालं, रवीची दोरी झाली, आणि पुढचं तिला आठवेना. ती नुसती उभी. शांतवन तेव्हा तरणा होता, तो सूर धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. माणसं चुळबुळ करायला लागली. मला सणाच्या भाकरी थापायच्या होत्या, चूल पेटवून आले होते. मला राग आला. मी बसल्या जागेवरून ओरडले, "घे की गं पुढं, पाणी दिसाया लागलंय!" सगळे हसले. एस्तरही हसली, आणि हसत हसतच तिनं पदराचं कडवं घेतलं. पाळण्याचं राहून गेलं. तेवढ्यात कोंबडा आरवला. हे सगळं टेपमध्ये आलं.

मालकांना वाटलं कॅसेट वाया गेली. ते पुसून पुन्हा भरणार होते. पण शेजारचे ऐकायला आले, मग त्यांचे पाहुणे. मग कुणी एकानं नक्कल करून नेली, त्याची दुसऱ्यानं. वर्षभरात ती कॅसेट चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, टेम्पोत वाजायला लागली. लोकांना त्यात काय आवडायचं? मी माणसं ऐकताना पाहिली आहेत. ती गाणं ऐकायचीच, पण गाण्याच्या मागचं जास्त ऐकायची. "हा खोकला आमच्या आज्याचा." "हे पोरगं रडतंय ना, ते मी." आपलं माणूस त्यात कुठे आहे, ते शोधायची. ज्यांचं कुणीच त्यात नव्हतं, ती माझ्या ओरडण्याची वाट बघायची. रशीद सांगायचा, "मामी, घाट चढताना तुमचं वरडनं आलं की मी बी वरडतो. गाडी वर चढती." आणि तो कोंबडा... त्याचं आम्ही दुसऱ्याच दिवशी कालवण केलं. पण टेपमध्ये तो आरवायचा थांबला नाही.

नगरचा एक माणूस एस्तरला नीट रेकॉर्डिंग करायला घेऊन गेला होता. काचेची खोली, कानाला लावायची यंत्रं. तिनं सगळी कडवी बरोबर म्हटली, पाळण्याचंही. ती कॅसेट कुणी ऐकली नाही. गिरणीत लावली तर बाया म्हणाल्या, "ही कोन बाई? आपली एस्तर लाव." एस्तर घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, तिथं समोर कुनीच न्हवतं. भिताडाला किती गाऊन दाखवायचं?" पुन्हा ती कुठल्या यंत्रापुढे उभी राहिली नाही.

पण तिच्या मनात ते चुकलेलं कडवं सलत होतं. मंडळं गाणं टेपवरून शिकायची, त्यामुळे सगळीकडे ते चुकीचंच गाइलं जायचं. थांबण्यासकट, ओरडण्यासकट. माझ्या ओरडण्यासाठी मंडळात एक बाई नेमलेली असायची. पुणतांब्याच्या मंडळानं एस्तरला पाहुणी म्हणून बोलावलं, तर ही त्यांना पाळण्याचं कडवं शिकवायला बसली. तिथला झांजवाला म्हणाला, "बाई, आपलं काईतरी चुकतंय. कॅसेटमधी आसं न्हाई." ज्या बाईची कॅसेट, तिलाच! परत आल्यावर मला सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "आता मेल्यावरच बरोबर व्हईल ते," म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात मी तिला आंबील घेऊन गेले होते. ती उठून बसत नव्हती, पण जीभ चालत होती. "मीठ कमी हाय," आधी हे. मग दोन घोट घेतले आणि म्हणाली, "वहिनी, माज्या मातीला ही मंडळं तेच गानं म्हनत्याल. तवा तू वरडू नगंस."

"का?"

"तू वरडलीस की मला पुढं घ्यावं लागतं. पेटीत उठून बसंन मी. पाळकसायेब पळून जातील."

मी हसले. तीही हसली. वाटी रिकामी झाली आणि मी घरी आले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

तर ती जागा आली तेव्हा मी गप्प का राहिले, याचं उत्तर हे. तिनं नको म्हटलं होतं, म्हणून नाही. तिचं न ऐकण्यात माझा जन्म गेला. मी ओरडले असते आणि ती उठून बसली नसती. मग त्या ओरडण्याला काय अर्थ? मी पुढं घे म्हणायचे, कारण ती घ्यायची. खड्ड्याला काय सांगायचं?

महिन्याभरानं रूथ आली. चहा घेतला नाही. बसलीही नाही.

"मामी, आईचं गानं आर्धं ऱ्हायलंय. कापणीच्या सनाला मंडळ पुन्हा घेनार हाय. शांतवनमामा म्हनला, तुमाला इचारून ये. त्या येळंला तरी तुमी म्हनाल का न्हाई?"

आंबील घेऊन गेले होते तेव्हाचं सगळं बोलणं मी तिला सांगितलं. मग म्हणाले, "म्हणीन. पण एका अटीवर. मी म्हटल्यावर पुढं तू घ्यायचंस."

"मी? मला कुटं गाता येतं?"

"बालवाडीत पोरांना काय म्हणून दाखवतीस?"

"ते बडबडगीत हाय, मामी!"

"मग हे बी बडबड म्हणून म्हण. मला समोर कुणीतरी पाहिजे. नसंल तर मी तोंड उघडणार नाही."

ती चिडून गेली. दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर आली, चप्पल दारात काढली आणि बसली.

टेपरेकॉर्डर अजून माझ्या घरात कोनाड्यात आहे. त्याच्यावर एस्तरनं विणलेलं झाकण आहे, एका बाजूनं वाकडं, कारण विणताना ती बोलत असायची. मशीन बंद पडून फार वर्षं झाली. गाणं आता रूथच्या मोबाईलमध्ये आहे. तरी मी तिला तो मोबाईल कोनाड्यातच, मशीनला टेकवून ठेवायला सांगते. आवाज तिथून यायची सवय आहे.

रूथला आईचा आवाज नाही. तिचा बारीक आहे, वर गेला की चिरतो. ती रोज येते. गाणं लागतं. कुणाचा आजा खोकतो, कुणाचं पोर रडतं. गाईचं दावं होतं, रवीची दोरी होते. मग ती जागा येते. मी गप्प बसते. कोनाड्यातून माझा जुना आवाज ओरडतो, एस्तर हसते आणि पुढं घेते, दर वेळी. कोंबडा आरवतो. बरोबर म्हणणारी रूथ मागे राहते. सणाला अजून अवकाश आहे.

"परत लाव," मी म्हणते.