काकूंनी वाचून आणलेले संदर्भ

नानांचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये होते. "तुजी काकू गेली गं सकाळी," एवढंच म्हणाले. पिरंगुटला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिले. नांदेडहून आलेली, कॉम्प्युटरवर पोट भरणारी मुलगी. शालनकाकू, नानांच्या पत्नी, ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. महिना उलटला, आता कुठे लिहायला बसले आहे. पण रडगाणं गाणार नाही, कारण काकू जिंकून गेल्या.

पन्नाशीनंतर त्यांनी ताम्हिणीच्या रानभाज्यांवर पीएच.डी.ला नाव घातलं. भर पावसात घाट पालथा घातला, प्रबंध लिहिला आणि घोडं अडलं संदर्भसूचीवर. संदर्भ होते झेरॉक्सच्या गठ्ठ्यांत नाहीतर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर, कुणाचं वर्ष नाही, कुणाचा लेखक नाही. मार्गदर्शकांनी सूची परत पाठवली. मुदतवाढ घेऊन झाली होती, आता आणखी मिळणार नव्हती. दिवाळीच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सगळी मेहनत पाण्यात.

मी म्हटलं, सोपं आहे. संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकलं. शोधनिबंध शोधायच्या संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरचं नाव निवडलं, की प्रत्येक निबंधाखाली आयात करायची बारीकशी लिंक दिसायला लागते. काकूंनी भीतभीत ती दाबली. लेखक, वर्ष, नियतकालिक, पानं, सगळं आपापल्या चौकटीत जाऊन बसलं. "ह्ये तर आपल्या पायानं चालत आलं की गं," त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मग मला चेव चढला. त्या भाकरी टाकायला खाली गेल्या तेवढ्यात मी रानभाज्यांवरचं जे जे दिसेल ते पानामागून पान आत ओढलं. सूची अशी गलेलठ्ठ झाली की कुणीही दबकावं.

काकू वर आल्या, यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. यातली निम्मी माणसं मला ठाऊक न्हाईत, म्हणाल्या. कोण विचारतंय, मी म्हटलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं लग्नाची पत्रिका घरी जाऊन देत्यात. बसायचं, पाणी प्यायचं, मग हातात द्यायची. ज्याच्या दारात मी गेलेच न्हाई, त्याचं नाव कसं छापू?" आणि माझा अख्खा ढीग त्यांनी उडवून टाकला. मी भडकले. दिवाळी तोंडावर आणि या बाईला मानपान सुचतोय. आठवडाभर मी धड बोलले नाही. तो वेडेपणा होता, असं मी आजही म्हणते.

पण वेडेपणा त्यांनी तडीस नेला. निबंध मिळवायचा, वाचायचा, पटला तरच लिंक दाबायची. नेटवर नसेल तर एसटीनं पुण्यातलं ग्रंथालय गाठायचं. वीज गेली की अंगणात बसून वाचायचं, आली की वर धावायचं. चहा, भाकरी सगळं नानांनी अंगावर घेतलं. मुदतीच्या शेवटच्या दुपारी प्रबंध विद्यापीठात पोचला.

तोंडी परीक्षेला नाना आणि मी मागच्या रांगेत बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूची उघडली, एका जुन्या निबंधावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा खरंच वाचलाय का? काकूंनी त्यात काय आहे ते सांगितलंच, वर भारंगी म्हणून छापलेलं चित्र दुसऱ्याच झाडाचं कसं आहे तेही सांगितलं. परीक्षकांनी सूची मिटली, उठले आणि हात जोडले. माझी छाती अशी फुगली की जणू मीच पास झाले. नानांनी पौडापासून पिरंगुटापर्यंत ओळखीचं एकही दुकान पेढ्यावाचून सोडलं नाही.

परवा त्याच संकेतस्थळावर मी काकूंचं नाव घातलं. त्यांचा छापलेला निबंध आला. शब्दकोश घेऊन तो शेवटपर्यंत वाचला, निम्मा डोक्यावरून गेला... मग लिंक दाबली. आडनाव, नाव, वर्ष, सगळं जागच्या जागी. लेखकाच्या चौकटीत पदवी घालायची नसते, सूची बिघडते. मी काकूंच्या नावाआधी 'डॉ.' टाइप केलं आणि सेव्ह केलं.