खुटबावच्या आप्पांच्या शेवटच्या कामावर माझी हरकत आहे

चार वर्षं ज्या माणसाच्या चुका काढल्या, त्याचा चेहरा आज पहिल्यांदा बघितला.

हार घातलेल्या फोटोत.

काय लिहू कळत नाहीये. डोकं नुसतं भणभणतंय. तरी लिहिते.

बऱ्याच जणांना माहितीये, रांजणगावची नोकरी करून उरलेल्या वेळात मी एका फंक्शनल प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं काम करते. ओपन सोर्स. म्हणजे ती कुणाच्या मालकीची नाही, जगभरातली माणसं मिळून बांधतात, फुकट. आई याला बिनपगारी हमाली म्हणते.

तिथं एक रीत आहे. कुणी बदल पाठवला की दुसऱ्यानं तो तपासायचा. चूक दिसली तर हरकत घ्यायची. ज्यानं हरकत घेतली त्यानंच ती उठवायची. तोवर बदल आत जात नाही.

बी. के. नावाचा एक जण बदल पाठवायचा. तपासायला बहुतेक वेळा मीच.

बोलणं सगळं इंग्रजीत. त्याच्या प्रोफाइलला फोटो नाही, गाव नाही. सकाळी अकराच्या पुढं उगवायचा, चारला गायब.

मी डोकं लावलं, ऑस्ट्रेलिया. आपले चार म्हणजे तिकडं जेवून झोपायची वेळ.

एकदा विचारलं, ही लँग्वेज का आवडते? म्हणाला, यात एकदा दिलेली व्हॅल्यू मागून कुणाला बदलता येत नाही. आमच्या कामातही एकदा घेतलेलं रीडिंग मागून बदललेलं चालत नाही.

झालं. मी ठरवूनच टाकलं, बडा सायंटिस्ट आहे, लॅबमधला.

आणि सायंटिस्ट म्हटल्यावर मी सोडते होय!

"हे चालवून तरी बघितलं का?"

"तीच चूक तिसऱ्यांदा. प्लीज आधी वाचत जा."

याच्यापेक्षा वाईटही लिहिलंय. इथं सांगायची लाज वाटते. तो कधी चिडला नाही. दुसऱ्या दिवशी गुमान दुरुस्त करून पाठवायचा.

मागच्या आठवड्यात त्याच्याच अकाउंटवरून आमच्या या कामाच्या ग्रुपवर मेसेज आला. मी यांचा मुलगा. पप्पा गेले, हार्ट अटॅक. दहावा राहत्या घरी, मुक्काम पोस्ट खुटबाव, तालुका दौंड.

तीनदा वाचलं.

खुटबाव? आपलं खुटबाव? अहो, आमच्या न्हावऱ्याहून माझ्या स्कूटीवर तासाभराचा रस्ता!

ग्रुपवर ब्राझीलचा एक जण विचारत होता, दहावा म्हणजे काय? त्याला काय सांगणार, माझंच मला काही उमजेना.

आज गेले.

दूध संकलन केंद्राला लागूनच घर. पडवीत किटल्या पालथ्या घातलेल्या. बी. के. म्हणजे बबन आप्पा. वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ गावाच्या दुधाचं फॅट काढणारे. रीडिंग ते हेच. सकाळचं दूध आटोपलं की कॉम्प्युटरपुढं बसायचे, संध्याकाळचं सुरू व्हायच्या आत उठायचे.

ऑस्ट्रेलिया म्हणे. कपाळ माझं!

आप्पांच्या बायकोजवळ, काकूंजवळ जाऊन बसले.

"कुनाची गं तू?"

"न्हावऱ्याची. आप्पांच्या कॉम्प्युटरच्या कामातली."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "म्हंजी चुका काढनारी पोरगी तू व्हय!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"त्यांना माहीत होतं, मी न्हावऱ्याची?"

"तर! पैल्या दिसापासनं. तुझ्या नावाखाली गाव लिवलंय म्हनायचे."

लिहिलंय खरं. माझ्या प्रोफाइलवर आहेच.

"मग सांगितलं का नाही काकू? मी आले असते. असं बोलले नसते हो."

"त्येच तर," काकू म्हणाल्या. "मी बी म्हनलं, एवढ्या जवळची हाय, एक फोन लावा पोरीला. तर म्हनले, नगं. वळख निघाली की ती बी आप्पा आप्पा करील आन् चुका दावायची बंद हुईल. गावात समदी आप्पाच म्हनत्यात, चूक कुनी दावत न्हाई."

मला रडूच फुटलं. रागही आला. आप्पांचा की माझा, ते अजून कळलेलं नाही.

बरोबर केलं का त्यांनी? एकदा चहाला तरी बोलवायचं! चार वर्षं बोलले या माणसाशी, आणि घरी गेले ती दहाव्याला.

निघताना मुलगा मागं आला. "ताई, पप्पांचं शेवटचं काम जाईल ना आत? मम्मी सारखी विचारती."

आणि इथंच सगळी पंचाईत.

आप्पांनी जायच्या आदल्या दिवशी एक बदल पाठवलाय, दोन याद्या जोडण्याचा. त्यावर माझी हरकत आहे. एखादी यादी रिकामी असली की प्रोग्रॅम अडकतो. "रिकामी यादी तपासली का?" असं मी विचारलंय, आणि त्याला उत्तर आलेलं नाही.

ग्रुपवरचे सगळे म्हणतात, उठव हरकत, जसंय तसं घेऊ, त्यांची आठवण म्हणून. चांगल्या मनानं म्हणतात.

दुपारपासून बटणावर बोट ठेवून बसले होते. गेलेल्या माणसाची चूक काढणारी मी कोण? आणि ते गेले म्हणून चूक झाकणारी तरी मी कोण? एकदा वाटायचं उठवावी, एकदा वाटायचं आप्पा काय म्हणतील. म्हणायला ते आहेत कुठं!

शेवटी लिहिलं. पहिल्यांदाच मराठीत. ब्राझीलवाल्याला कळो न कळो.

"आप्पा, सातवी ओळ चुकली. रिकाम्या यादीचं राहून गेलं. तेवढं मी दुरुस्त करते. नाव तुमचंच राहील."

दुरुस्त केलं. दुसऱ्या एकाकडून तपासून घेतलं. मग हरकत उठवली.

आप्पांचं काम आत गेलं. मुलाला फोन करून सांगितलं, मम्मीला सांग म्हणून.

आप्पा, खरं तर तुमची माफी मागायची होती. पण काकूंचं ऐकल्यावर वाटतं, तुम्हाला ती नकोच असणार.

म्हणून नुसता निरोप देते.

भावपूर्ण श्रद्धांजली, आप्पा.