थोरली, मधली, धाकटी

"पावशेर जास्त हाय ही तुम्हाला."

मी दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. शिरूरच्या बाजारपेठेतलं ते बंदुकांचं दुकान. मी तिथे परवान्यांचे अर्ज भरायच्या आणि बिलं टाइप करायच्या कामाला लागणार होते. काउंटरमागे एक उंच, वाळका म्हातारा डोळे मिटून उभा होता. पुढे केलेल्या दोन्ही तळहातांवर आडवी रायफल होती. समोरच्या गृहस्थांच्या गळ्यात जाड साखळी होती आणि बाहेर त्यांची पांढरी गाडी उभी होती. आमच्या अंगाकडं बघून तरी बोला आप्पा, असं ते हसत म्हणाले.

"अंगाकडं न्हाई, खांद्याकडं बघतो मी," आप्पांनी डोळे न उघडताच सांगितलं. "आधी वागवून बघा."

आणि त्यांनी कोपऱ्यातलं एक लाकूड काढून त्या गृहस्थांच्या हातात दिलं.

तशी तीन लाकडं कोपऱ्यात उभी असायची. बाभळीची, बंदुकीच्या आकाराची, आप्पांनी स्वतः तासलेली. पोटात पोकळी करून तीत लोखंडाचे तुकडे आणि वाळू भरलेली, प्रत्येकीला खांद्यावर अडकवायचा पट्टा. जड होती ती थोरली, हलकी ती धाकटी आणि या दोघींच्या मधली ती मधली. रायफल घ्यायला आलेल्या माणसाने यातलं एक लाकूड आठ दिवस घरी न्यायचं. सकाळी पाणी द्यायला जाताना खांद्यावर, संध्याकाळी शेतातल्या माळ्यावर राखणीला बसताना मांडीवर. मग परत यायचं आणि सांगायचं. तोवर आप्पा खरी रायफल त्याच्या हातात द्यायचे नाहीत.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक शेतकरी. मका, भुईमूग, ऊस. आणि त्यात घुसणारी रानडुकरं. शस्त्राचा परवाना आणि डुकरांसाठी वनखात्याची परवानगी, दोन्ही कागद हातात असले तरच आप्पा बोलायला लागायचे. कुणी बिबट्याचं नाव काढलं की ते काउंटर पुसायला घ्यायचे. बिबट्याला हात लावला तर तो मोकळा राहील आणि तुम्ही आत जाल, एवढंच सांगायचे.

साखळीवाल्या गृहस्थांनी थोरली नेली होती. चौथ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर ती परत घेऊन आला. साहेबांनी किती वागवली, असं आप्पांनी विचारलं. गाडीतच होती, तो म्हणाला.

"मग परवाना गाडीच्या नावानं काढा म्हणावं."

मी त्या दिवशी मॉनिटरच्या आड तोंड लपवून हसले. मोठ्याने हसायची मला सवय नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, शाळेत मराठी बोललं की दंड, आणि शाळा संपल्यावर बाजारात तोंड उघडलं की लोक माझं पुस्तकी मराठी ऐकून हसायचे. त्यामुळे मी प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवते. ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात.

आप्पा दौंडला राहायचे. तिथल्या शस्त्रागारात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर आठवड्यातले चार दिवस एसटीने शिरूरला येत. आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर शेवटचा हात त्यांचा असायचा. ते हो म्हणाले की मी बिल टाइप करायचं.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याला खुर्ची सोसत नाही. दुकानाच्या मालकांनी त्यांच्यासाठी एक गादीची खुर्ची आणली होती. तिच्यावर माझा डबा असायचा. आप्पा काउंटरपासून दारापर्यंत, दारातून रस्त्याकडे बघून परत, मग पेट्यांची चळत सरळ कर, पट्ट्यांना तेल लाव, पुन्हा दार. त्यांच्याकडे बघून मलाही बसवेना. एकदा मी धीर करून विचारलं, घरी तरी बसता का? घरात बसलं की भिंती अंगावर येत्यात, म्हणाले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा दूर नोकरीला होता. एवढं मला बाहेरून कळलं. ते स्वतः फक्त भिंतींबद्दल बोलले.

माझ्या इंग्रजीचा त्यांना एकच उपयोग होता. रायफलींची माहितीपत्रकं इंग्रजीत यायची आणि वजन पौंडात. "ह्यांचं पौंड आपल्या खांद्याला कळत न्हाई, पोरी. किलोत सांग." मी सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मग एखाद्या दुपारी मधलीच्या पोटातली मूठभर वाळू काढायचे किंवा घालायचे. त्यांचं ठरलेलं गणित होतं. थोरली नेम स्थिर धरते, पण दिवस मावळेपर्यंत माणसाला दमवते, आणि डुकरं येतात ती दिवस मावळल्यावर. धाकटी नेणं सोपं, पण श्वास घेतला तरी नळी हलते, आणि बार झाला की खांद्याला लाथ बसते. "मधली ऐकती," ते म्हणायचे. पण कुणाची मधली किती किलोची, हे ज्याच्या त्याच्या खांद्याने ठरवायचं.

नंबर वाचायचं काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही. प्रत्येक बंदुकीवर नळीच्या मुळाशी बारीक नंबर कोरलेला असतो, तो बिलावर घालावा लागतो. "तू वाच, माझं हात तेलाचं हायत," आप्पा म्हणाले. मी वाचला. असं आठ-दहा वेळा झाल्यावर माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. हात कोरडे होते.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. काडतुसांच्या पेट्या ते रंगावरून नाही, जागेवरून ओळखत. मी एक पेटी सरकवून ठेवली की चाचपडत. एका संध्याकाळी स्टँडवर मी माझ्या गावाकडच्या जीपची वाट बघत होते. आप्पा एका बससमोर उभे होते. बसच्या कपाळावर हाताएवढ्या अक्षरांत दौंड लिहिलेलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "दौंडच ना गं ही?"

मी फक्त हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या कीबोर्डशेजारी दोन पेरू ठेवलेले होते. त्या विषयावर आमचं झालेलं बोलणं ते एवढंच.

तिथून माझी झोप गेली म्हणायला हरकत नाही. कारण बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी आप्पा तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढायचे, नळी दाराकडे धरायचे आणि एक डोळा लावून आरपार बघायचे. "लख्ख," म्हणायचे. गिऱ्हाइकाला तो लख्ख ऐकायचा असायचा. मला मात्र कळत होतं की त्या डोळ्याला दारसुद्धा नीट दिसत नाही.

मालकांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आप्पांचं वय झालंय, काही चुकतंय असं वाटलं तर लगेच सांग, दुसरा माणूस बघून ठेवलाय. मी मान हलवली, आणि काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी एक चोरटी सवय लावून घेतली. नंबर वाचायला वाकले की मीही एक डोळा नळीला लावायचा. आत चकचकीत गोल दिसायचा, टोकाला दाराचा उजेड. मग मी बिल टाइप करायचे. सहा महिने असे गेले. आप्पांच्या हाताला इतकी सवय होती की चूक होत नव्हती. पण रोज घरी जाताना मी दिवसभरात गेलेल्या बंदुका मनात मोजायचे.

आप्पा आता येत नाहीत. त्यांना कुणी काढलं नाही. ज्या दिवसाबद्दल सांगणार आहे त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. मी एकदा फोन केला. पाठीमागे रेल्वेची घोषणा ऐकू येत होती; बहुतेक घरात बसवत नाही म्हणून स्टेशनात फिरत असावेत. नंबर कोण वाचतं आता, एवढंच त्यांनी विचारलं. मीच, असं मी सांगितलं. बरं, म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. लाकडं अजून आम्ही देतो. वागवून बघा, असं आता मी सांगते. लोक माझ्या उच्चारांना हसतात आणि लाकूड घेऊन जातात.

तर तो दिवस.

निमोण्याच्या एक बाई रायफल घ्यायला आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या. जमीन त्यांच्या नावावर, परवानाही त्यांच्याच नावावर, कारण नवरा एमआयडीसीतल्या कंपनीची बस चालवतो आणि डुकरं यायच्या वेळेला तो ड्यूटीवर असतो. आप्पांनी त्यांनाही इतरांसारखंच लाकूड दिलं होतं. तिन्ही आळीपाळीने नेऊन त्या आता परत आल्या होत्या. गावाने फार करमणूक करून घेतली म्हणाल्या.

"डुकरं न्हाई भ्याली लाकडाला, आप्पा. पर दीर भ्याला. बांध कोरायचा बंद झाला."

आप्पा खूप हसले. त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं. थोरलीने खांदा नेला, धाकटी हातात थरथरली, मधली द्या, असं बाईंनी सांगितलं, आणि आप्पांनी कुणीतरी परीक्षेत पहिलं आल्यासारखं मालकांकडे बघितलं.

मधलीच्या वजनाची एकच रायफल दुकानात होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका घरातून आदल्या दिवशी विकायला आलेली. घरातला माणूस गेल्यावर बरीच वर्षं खुंटीला टांगून होती. एरवी अशी बंदूक आली की आप्पा दिवसभर तिच्यात गज फिरवत, तेल घालत. पण निमोण्याची गाडी सुटायची होती. बाईंना आज संध्याकाळीच माळ्यावर बसायचं होतं. भुईमुगाचा अर्धा वाफा डुकरांनी आदल्या रात्री उकरला होता. साफसफाई पुढच्या खेपेला, असं मालक म्हणाले. आप्पांनी क्षणभर विचार केला. मग रायफल तळहातांवर तोलली, डोळे मिटले. "पोरी, ही हिच्यासाठीच टांगून ठेवलेली बघ." बोल्ट काढून ठेवला, नळी दाराकडे धरली, डोळा लावला.

"लख्ख."

मी नंबर वाचायला वाकले. नंबर वाचला. आणि नळीला डोळा लावला.

आत काळं होतं. मला वाटलं दारात कुणी उभं आहे. मान वर करून पाहिलं. दार मोकळं होतं, रस्त्यावर टळटळीत ऊन. पुन्हा डोळा लावला. गोल नव्हता, उजेड नव्हता. टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते, हे मला आप्पांनीच सांगितलं होतं. तशा नळीतून बार काढला की नळी फुटते, आणि ती फुटते माणसाच्या गालाजवळ.

"आप्पा, नंबर परत एकदा बघायचाय," मी हळूच म्हणाले. माझं असं बोलणं त्यांना नेहमी कळायचं. तेव्हाही कळलं. त्यांचा हात बोल्टवर थांबला. पण बाई समोर होत्या, मालक समोर होते. वाचलास की, असं म्हणून त्यांनी बोल्ट बसवला आणि रायफल बाईंच्या हातात दिली.

मालक मला म्हणाले, बिल काढ. बाईंनी पट्टा खांद्यावर घेतला, कसं दिसतंय म्हणून काचेच्या कपाटात बघितलं. मालकांनी काडतुसांची पेटी पुढे सरकवली. मी मनात वाक्य जुळवत होते. आधी इंग्रजीत जुळलं, ते पुसलं. मग मराठीत जुळलं, पण त्यात आप्पांची अब्रू वाचत नव्हती. दुसरं जुळवलं, त्यात बाई वाचत नव्हत्या. बाई पेटी पिशवीत टाकून पायरीपर्यंत पोचल्या.

मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे आपटली, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पासुद्धा, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने.

"काय दिसलं गं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ते वाट बघत होते.

"बाई, थांबा," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते. "नळी बंद आहे. आप्पा, मलाही आरपार काही दिसत नाहीये."