आतली सूज

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे. किती, ते रक्त तपासून कळतं, आणि ती राहिली तर पुढे हृदय थकतं. आमच्याकडे सुजेवर आंबेहळद लावतात. म्हणून ज्या हातातून रक्त काढणार, त्यालाच मी पहाटे जाड लेप लावला.

दवाखान्यात रक्त काढणारी मुलगी ह्यांची बाही वर करून थबकली. “काका, परत बोहल्यावर चढताय का?”

“हो, हिच्याचबरोबर,” हे म्हणाले. बाकांवरचे सगळे हसले. मी पदरात तोंड लपवलं.

ती कापसाने हळद पुसत राहिली. मला वाटलं, माणसाच्या आत आपला हात पोचतच नाही, म्हणून आपण जन्मभर बाहेरूनच काहीबाही लावत बसतो. आत किती झिरपतं, कोण जाणे.

सुई टोचताना ह्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात धरला. लोकांदेखत, पहिल्यांदाच.

“काकू, झालं. आता सोडा की काकांना,” मुलगी म्हणाली.

मी कधीच सोडला होता. हेच सोडत नव्हते.