ओढ्याच्या तोंडाची झडप

बांधाचं काम सुरू झालं तेव्हा शाळा सुटल्यावर मी रोज तिकडं जायची. मुरूम भरलेले हायवा ट्रक येत होते, रोलर फिरत होता, नदीच्या अंगानं दगड बसत होते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिच्यात आणि आमच्या गावात हा एकच मातीचा बांध, तोही जुना, भेगाळलेला, घुशींनी पोखरलेला. आमची बौद्ध वस्ती गावाच्या सगळ्यात खोलगट भागात, त्यामुळे पुराचं पाणी पहिल्यांदा आमच्याच दारात यायचं. आता बांध उंच होणार म्हणून मला नुसतं उधाण आलं होतं.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. गवंडी आहेत. एक दिवस ते बांधावर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, काम बिलकुल एक नंबर होऊन राह्यलंय. पन तुमच्या घरात पानी कधी बांधावरून आल्तं का?"

मी मागचे पूर आठवून बघितले. बांधावरून? कधीच नाही! पाणी दरवेळी मागून, ओढ्याकडून आलेलं. गावातला ओढा बांधाखालच्या मोठ्या नळीतून गंगेला मिळतो. गंगा चढली की तीच त्या नळीतून उलटी आत शिरायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं इंजिनियर मॅडमना गाठलं. तरुण मुलगी, पण ऐकून घेणारी. नकाशा उघडून ती म्हणाली, "इथं तर फक्त नळी बदलायचीय."

चाचा नळीच्या गावाकडच्या तोंडाशी उतरले, मूठभर वाळू घेऊन वर आले. "मॅडम, उभा जन्म वाळू चाळली मी. ओढ्यात काळा गाळ असतो. ही वाळू बिलकुल गंगेची हाये. मंग ती इकडं आली कशी?"

मॅडमनी वाळू बोटांनी चोळून बघितली. मग माझ्याकडं बघितलं आणि लगेच फोन काढला. पावसाळ्याच्या तोंडावर नळीच्या नदीकडच्या बाजूला लोखंडी झडप बसली. आतलं पाणी ढकलेल तेव्हा उघडणारी, गंगेनं ढकललं की बंद होणारी.

त्याच पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं. सकाळीच सगळं गाव बांधावर. पाणी झडपेपर्यंत चढलं, पण ती पुरती मिटेना. वाहत आलेली बाभळीची फांदी फटीत अडकली होती आणि पाणी सूं सूं करत आत घुसत होतं.

"टीचर, आकडी! जल्दी!" चाचा ओरडले.

शेवग्याच्या शेंगा काढायची आमची लांब आकडी घेऊन मी चिखलातून धावत आले. चाचा दगडांवर पालथे झोपले, गावातल्या दोघांनी त्यांचे पाय धरले. पहिल्यांदा आकडी निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. तिसऱ्यांदा फांदीत गुंतली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती ओढली. फांदी सुटली, आणि धाडकन झडप बसली! बांधाची माती पायाखाली हादरल्यासारखी वाटली.

आम्ही पळत गावाकडच्या बाजूला गेलो. नळीतून नुसता थेंब थेंब. मी एवढ्या जोरात ओरडले की माझे विद्यार्थी नंतर आठवडाभर माझी नक्कल करत होते. चाचा चिखलानं माखलेले, हसत होते आणि रडतही होते.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, बसली!" एवढंच बोलू शकले.

"बिलकुल?" त्यांनी विचारलं. चाचांचा शब्द त्यांच्याही तोंडात बसला होता.

"बिलकुल!"

ओढ्याचं स्वतःचं पाणी साचलं, ते पंपाचं इंजिन लावून बाहेर काढलं. वस्तीत एकाही घराचा उंबरा भिजला नाही. पूर ओसरल्यावर मी घर रंगवायला काढलं. इतकी वर्षं भिंतीचा खालचा भाग आम्ही कोराच ठेवायचो, कशाला रंग वाया घालवायचा म्हणून. या वेळी जमिनीपासून छतापर्यंत सगळी भिंत पिवळीधमक केली.